भाताचे शीत आणि सदतीस नोंदी

या लेखाला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. सहा वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या आमच्या संगणन केंद्राने एका परीक्षेचा निकाल तयार केला, त्यातून सदतीस परीक्षार्थींच्या नोंदी कोणी काढल्या? चौकशीच्या अहवालात या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे आणि त्या उत्तरात तुमचे नाव आहे, शमशादबाई. ते उत्तर चूक आहे. ते चूक आहे हे मला अहवालावर सही करतानाही ठाऊक होते. तुम्ही गेल्यावर याला धीर आला असे कोणी म्हणाले, तर मला ते नाकारता येणार नाही.

गेल्या सोमवारी केंद्रात तुमची शोकसभा झाली. तुमचा एकटीचा फोटो कोणाकडे नव्हता. पंचिंग विभागाच्या जुन्या समूहचित्रातून तुमचा चेहरा कापून मोठा केला होता. शेजारी उभ्या असलेल्या, त्याच विभागातल्या मालनचा अर्धा खांदा त्यात तसाच राहिला होता. त्याला हार घातला होता. आमचे संचालक, ज्यांना आपण सगळे नुसते ‘साहेब’ म्हणत होतो, पाच मिनिटे बोलले. “शमशाद म्हणजे आमच्या कुटुंबातलीच होती,” ते म्हणाले. तुम्हाला कामावरून काढल्याचे पत्र याच माणसाने टाइप करवून घेतले होते, आणि ते देताना तुम्हाला बसायला सांगितले नव्हते. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. नंतर चहा आला. मला शिसारी आली होती. पण कप परत करण्याइतकी नव्हती. मी तो चहा प्यालो, आणि त्याची चव अजून तोंडातून गेलेली नाही.

तुम्हाला जे पाठ होते ते आता मला वाचकांना समजावून सांगावे लागेल. तेवढा वेळ तुम्ही थांबा. मी वर्गात जसे सांगत असे तसे सांगतो.

त्या काळी यंत्राला माहिती द्यायची तर ती जाड कागदाच्या कार्डावर छिद्रे पाडून द्यावी लागे. एका कार्डावर ऐंशी उभे रकाने. प्रत्येक रकान्यात वरून खाली शून्य ते नऊ अशा जागा. पाच हा अंक हवा असेल तर पाचाच्या जागी एक छिद्र पाडायचे. एका रकान्यात एक अंक, म्हणून एकच छिद्र. एका परीक्षार्थीच्या एका विषयाच्या गुणांसाठी एक कार्ड. मुली एका यंत्रावर छिद्रे पाडत. ती कार्डे मग तुमच्याकडे येत आणि तुम्ही तीच माहिती दुसऱ्या यंत्रावर पुन्हा टाइप करत असा. फरक आढळला की यंत्र अडकून पडे आणि तांबडा दिवा लागे. चुकलेले कार्ड फाडून टाकायचे आणि नवे पाडायचे, असा नियम होता. नियम चांगला होता. त्यात मी माझी भर घातली.

मी पेठ वडगावच्या एका शाळेत अकरा वर्षे गणित शिकवून या केंद्रात आलो होतो. शाळा सुटली, सवयी सुटल्या नाहीत. पंचिंगच्या खोलीत मी एक काळा फळा लावला. डावीकडे सगळ्या मुलींची नावे, तुमचेही; उजवीकडे त्या दिवशी प्रत्येकीने फुकट घालवलेली कार्डे. रोज संध्याकाळी मी ते आकडे स्वतः लिहीत असे. सर्वांत जास्त कार्डे घालवणारीचे नाव सर्वांत वर. माझे अक्षर सुरेख आहे, आणि त्या फळ्यावर मी ते विशेष सुरेख काढत असे.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या टेबलापाशी आला होता.

“सर, ह्ये कशाला? पोरी काय शाळंत हायत व्हय?”

“शिस्त लागते, शमशादबाई.”

“शिस्त लागंल का न्हाय ठावं न्हाय. लपवायची सवय मातर लागंल.”

मी हसलो. तुमचे वडील बुकबाइंडर, बिंदू चौकामागच्या गल्लीत त्यांचे दुकान. तुमचे शिक्षण सातवीपर्यंत. मी तुम्हाला शिस्तीवर चार वाक्ये ऐकवली. तुम्ही ती शेवटपर्यंत ऐकून घेतलीत आणि “बरं” म्हणून गेलात. तुमचे ते ‘बरं’ मला तेव्हा कबुली वाटले होते.

पुढच्या महिन्यात फळ्यावरचे आकडे उतरू लागले. आठाचे पाच झाले, पाचाचे दोन, आणि दिवाळीनंतर बहुतेक नावांपुढे शून्य. मी साहेबांना मुद्दाम खोलीत नेऊन फळा दाखवला. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

त्याच सुमारास कार्डांच्या ट्रेमध्ये मुंग्या होऊ लागल्या. लहान, तांबड्या, ओळीने जाणाऱ्या. मी पावडर मारली. मुलींना टेबलावर डबे खाण्याबद्दल बोललो. मुंग्या जात आणि दोन दिवसांनी परत येत. कोरड्या कागदात मुंगीला काय मिळते, हा प्रश्न मला पडला नाही. गणिताच्या शिक्षकाला तो पडायला हवा होता. आज त्या ट्रेची आठवण आली की हातांवरून काहीतरी सरपटल्यासारखे होते, आणि ते सरपटणे मुंग्यांचे नसते.

जे घडत होते ते असे. कागलहून रोज एस.टी.ने येणाऱ्या मालनचे नाव लागोपाठ तीन दिवस फळ्यावर सर्वांत वर लागले. चौथ्या दिवशी तिचे एक कार्ड चुकले आणि ती मोरीपाशी जाऊन रडू लागली. तुम्ही ते कार्ड हातात घेतलेत. यंत्राखालच्या पेटीत छिद्रांतून पडलेले कागदाचे बारीक चौकोनी तुकडे साठत. मुली त्यांना टिकल्या म्हणत. तुम्ही एक टिकली उचललीत, डब्यातल्या भाताचे एक शीत बोटावर मळलेत, चुकलेल्या छिद्रात ती टिकली बसवलीत आणि नखाने दाबलीत. मग योग्य जागी नवे छिद्र. कार्ड वाचले, मालनचे नाव खाली आले. तुम्ही हे एका रडणाऱ्या मुलीसाठी एकदाच केले होते. आठवड्याभरात दहाही मुली ते करू लागल्या. तुमच्या यंत्रावर ती कार्डे बिनचूक जात; कारण ते यंत्र कार्डाला हळू हाताळते आणि टिकली जागची हलत नाही.

आमच्याकडे संगणक नव्हता. कार्डे पत्र्याच्या पेट्यांत भरून पुण्याला पाठवली जात. तिथे एका मोठ्या कंपनीच्या मेनफ्रेमवर आम्ही तास भाड्याने घेत असू. तिथले कार्ड वाचणारे यंत्र मिनिटाला शेकडो कार्डे ओढून घेई. वाळलेले शीत ठिसूळ होते. टिकली उडे. एका रकान्यात दोन छिद्रे उघडी राहत, एक खरे आणि एक चुकीचे.

इथे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. सर्व दोन-छिद्री कार्डांचे एकच होत नाही. एक ते सात यांपैकी दोन अंकांची छिद्रे एकत्र आली तर यंत्र कार्ड ओळखत नाही, थांबते आणि ते बाहेर टाकते. आम्ही ते पुन्हा पाडत असू. आठाच्या किंवा शून्याच्या जोडीने आले तर कागदावर एखादे वेगळेच चिन्ह किंवा अक्षर उमटते. ते डोळ्यांना दिसते आणि आम्ही दुरुस्त करत असू. पण दोन छिद्रांपैकी एक नवाचे असेल आणि दुसरे शून्याचे नसेल, तर यंत्र कुरकुर करत नाही. ते कार्ड स्वीकारते आणि त्या जोडीचे असे एक चिन्ह बनवते, जे कोणत्याही छपाई यंत्राला छापता येत नाही. कागदावर त्या जागी कोरी जागा दिसते. ती रिकामी नसते. रिकाम्या जागेला यंत्रात स्वतःची किंमत असते आणि या चिन्हाची किंमत तिच्याहूनही कमी असते. म्हणून नोंदी चढत्या क्रमाने लावल्या की अशी नोंद आपली जागा सोडून पुढे सरकते. रोग ओळखायच्या दोन खुणा: क्रमांकात दिसणारी फट, आणि रांगेत भलत्याच ठिकाणी पुढे उभी असलेली नोंद.

निकालाच्या चार दिवस आधी मी आणि साहेब पुण्यात होतो. नोंदी क्रमाने लावणारा जो सॉर्टचा कार्यक्रम असतो तो चालला आणि पहिले कागद बाहेर आले. साहेबांनी पान उचलले.

“हे काय? नंबरांत मध्येच दात पडल्यासारखं दिसतंय.”

“छापता न येणारी चिन्हं आहेत. कुठून आली ते पाहावं लागेल.”

“पाहायचं नाही. काढायचं.”

“काढायचं म्हणजे नोंद जाईल, साहेब.”

“म्हणजे दिसायला नको. मला हे असं परीक्षा घेणाऱ्यांपुढं ठेवता येणार नाही.”

सॉर्टच्या कार्यक्रमाला अट घालता येते. अमुक अट पुरी करणारी नोंद वगळ, असे एका कार्डावर लिहून द्यायचे. मी ती अट लिहिली. बैठक क्रमांकाचे सहा रकाने. प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे तपासायचा, सहाही एकदम नव्हे, कारण एकदम तपासले तर मधला दोष निसटतो. सहांपैकी कोणत्याही एका रकान्यातील चिन्हाची किंमत शून्याच्या अंकाहून कमी असेल तर ती नोंद वगळावी. अट अचूक होती. आजही मी ती कोणाला शिकवायची तर तशीच शिकवीन. पण तिच्यासोबत जे शिकवायला हवे ते मी त्या दिवशी केले नाही. हीच अट उलटी करून कार्यक्रम पुन्हा चालवायचा: वगळलेल्या तेवढ्याच नोंदी बाहेर येतात, कागदावर त्यांची यादी मिळते, आणि प्रत्येक नोंदीचे मूळ कार्ड शोधता येते. काही मिनिटांचे काम होते. यंत्राचा तास संपायला वीस मिनिटे बाकी होती. त्या वीस मिनिटांत मी आणि साहेब खाली जाऊन वडा खाऊन आलो.

कार्यक्रम संपला की तो शेवटी तीन आकडे छापतो: किती नोंदी आत घेतल्या, किती वगळल्या, किती बाहेर दिल्या. मधला आकडा सदतीस होता. मी त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली, शेजारी आद्याक्षरे काढली आणि तारीख घातली. वह्या तपासताना मी असेच करत असे. आकडा पाहिला याचा तो पुरावा. त्याचा विचार केला याचा नव्हे.

निकाल लागला. सदतीस जणांपुढे एकेका विषयात ‘गैरहजर’ छापून आले.

आठ दिवसांनी शिरोळहून एक गृहस्थ आले. ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करणारे. हाताच्या रेषांत काळे तेल मुरलेले. सोबत मुलगी, सुनंदा. अंगात निळी साडी, हातात हॉल तिकीट. तिला शिक्षिका व्हायचे होते आणि प्रशिक्षणाच्या प्रवेशाचे अर्ज चालू होते. साहेबांनी त्यांना दारातच उभे ठेवले.

“पोरगी पेपरला बसलीच न्हाय म्हनत्यात. म्या सोता फटफटीवरनं सोडून आलतो की सायेब. पेपर सुटंस्तवर भायेर उभा हुतो.”

“हे सगळं यंत्रावर होतं. यंत्र खोटं बोलत नाही.”

“मग म्या बोलतोय व्हय?”

मग सुनंदाचा बाप हळूच माझ्याकडे वळला. “मास्तर, तुमी तरी बगा की.” मला मास्तर म्हणायला त्यांना कोणी सांगितले, देव जाणे. मला त्यांच्याकडे पाहता येईना. मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिलो.

तुम्ही तुमच्या यंत्रावरून उठून आलात. सुनंदाचा नंबर विचारलात आणि तळहातावर लिहून घेतलात. पुण्याहून परत आलेल्या पेट्या मागच्या खोलीत रचलेल्या होत्या. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत तुम्ही त्या पेट्यांत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावलेत.

“सर, हिकडं या. उजेडात बघा.”

तुम्ही कार्ड खिडकीला धरले होते. चौथ्या रकान्यात दोन ठिकाणी ऊन दिसत होते. एका छिद्राच्या कडेला पिवळट खपली.

“ह्ये भाताचं हाय,” तुम्ही म्हणालात. “ह्ये आमचंच काम. पयलं मीच दावलं मालनला.”

ते कार्ड फाडून टाकणे तुमच्या हातात होते. कोणाला कळले नसते. सुनंदाच्या बापाने चार खेटे घातले असते आणि गप्प बसला असता. तुम्ही ते माझ्याकडे आणलेत, आणि मीही तुमच्याकडे काहीतरी आणावे अशी ती जागा होती. त्याऐवजी मी म्हणालो, “अशी सदतीस असतील. शोधा.”

“सदतीस?” तुम्ही विचारलेत. “ह्यो आकडा कुठनं आला, सर?”

“अंदाज.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. जास्त वेळ नाही. मग “बरं” म्हणालात आणि पेटीकडे वळलात.

शमशादबाई, माझ्या आयुष्यातला सर्वांत घाणेरडा शब्द म्हणजे तो ‘अंदाज’. त्यापुढे चौकशीतले माझे वाक्यही फिके आहे.

आठवड्यात तुम्ही सगळी कार्डे काढलीत. सदतीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. टेबलावर मांडलीत आणि मीच तुम्हाला ज्यात धडे देत होतो त्यात तुम्ही मला धडा दिलात.

“सगळ्यांत एक भोक नवाचंच हाय. बाकीच्या जोड्या का न्हाईत ह्यात?”

मी समजावून सांगितले: बाकीची यंत्राने बाहेर टाकली किंवा छापून दाखवली.

“म्हंजे नऊ असला तरच यंत्र गप बसतंय.” तुम्ही शेवटचे कार्ड ओळीत सरळ केलेत. “आनि गप बसल्यावं त्यास्नी भायेर कुनी काडलं?”

मी म्हणालो, ते तांत्रिक आहे. तुम्ही पुन्हा विचारले नाहीत.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. तीन माणसे, मोठे टेबल, पंखा. तुम्ही शीत, टिकली, मालन, सगळे न विचारता सांगितलेत. मालनचे नाव घेताना तेवढे म्हणालात की ती पोर आहे, शिकवणारी मी. फळ्याबद्दल तुम्ही एक अक्षर काढले नाहीत. मला विचारले, पुण्यात या नोंदींचे काय झाले? मी म्हणालो, “यंत्राने त्या नाकारल्या.” अहवाल लिहून काढायचे काम माझ्याकडेच आले; त्यात हेच वाक्य आहे, माझ्याच अक्षरात, सुरेख. यंत्राने त्या नाकारल्या नव्हत्या. यंत्राने त्या स्वीकारल्या होत्या, नाकारल्या मी.

दुरुस्त निकाल दोन महिन्यांनी निघाले. सुनंदा चांगल्या गुणांनी पास होती. तोवर प्रवेश बंद झाले होते. तिचा बाप कागद घ्यायला आला तेव्हा तुम्हाला काढून टाकलेले होते. त्याने तुमची चौकशी केली. मी म्हणालो, त्या आता इथे नसतात. त्याने कागदाची घडी खिशात घातली आणि म्हणाला, “त्या बाईंनीच बगितलं वो. बाकी कुनी न्हाय.”

जाण्याच्या दिवशी आपला वाद झाला होता. तो पुरा झाला नाही, म्हणून इथे लिहितो. तुम्ही पिशवी भरत होता. मी उगाच समर्थन करत होतो की शुद्ध माहितीत अशुद्ध नोंद शिरू देणे हा दोष आहे, ती अडवायलाच हवी.

“अडवा की,” तुम्ही म्हणालात. “पर बाजूला ठेवा. टाकू नका. आमच्या दुकानात फाटकं पान आलं तर अब्बा गिऱ्हाइकाला इचारल्याबिगर टाकत न्हाईत. फाटकं असलं तरी कुनाचं तरी असतंय न्हवं?”

मी म्हणालो, पुस्तक वेगळे आणि नोंद वेगळी. तुम्ही म्हणालात, “आसंल. फळा पुसा तेवढा.” फळा मी पुसला नाही. वर्षभराने टर्मिनल, म्हणजे थेट पडद्यावर टाइप करायची यंत्रे, आली, कार्डे गेली, तेव्हा तो भिंतीवरून निघाला. त्यावर तुमचे नाव अजून तसेच होते, आणि पुढे शून्य.

या वादात मी अजून एका गोष्टीवर अडून आहे आणि ते तुमच्यापासून लपवत नाही. शीत लावणे चूक होते. फळा माझा होता, तरी हात तुमचा होता. तुम्ही हे कबूल केले होतेत, अर्ध्या दिवसात, तीन माणसांसमोर. मला माझा भाग कबूल करायला सहा वर्षे लागली आणि एक मयत लागली. हा फरक मांडला की मला माझ्याच अक्षराची किळस येते.

दोन वर्षांपूर्वी केंद्रात जुने कागद रद्दीत काढायला निघाले. मी माझ्या काळातले सॉर्टचे छापील कागद घरी आणले आणि बांधून घ्यायला तुमच्या दुकानात आलो. गावात दुसरे बाइंडर आहेत. तुमच्याकडेच का आलो, ते मला तेव्हा सांगता आले नसते. अब्बा गेले होते. दुकान तुम्ही चालवत होता. कातर, दाभण, दाबाचा स्क्रू, आणि गॅसवर खळ शिजत असलेली.

“आठवडा लागंल, सर. खळ वाळाय पायजे.”

“त्यात निळं काय घातलंय?”

“मोरचूद. किडा लागत न्हाय.”

“भात नाही ना?” मी म्हणालो. इतका हलकट विनोद मी का केला असेन? तुम्ही मात्र मोकळ्या हसलात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“भात खायाचा असतोय, सर.”

त्या हसण्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. ते खरे होते, आणि मला त्यावर हक्क नव्हता. त्यानंतर मी त्या गल्लीतून गेलो की तुम्ही दुकानातून हाक मारत असा, “या की सर, च्या घेऊन जावा.” मी येत असे. तुम्ही शेजारच्या मुलींना वही शिवायला शिकवत होता; एखादीची शिवण चुकली तर उसवून परत हातात देत होता, काही न बोलता. मी ते बघत चहा पीत असे. आपण हवेच्या, भाजीच्या, मालनच्या लग्नाच्या गोष्टी बोललो. सदतीस हा आकडा आपल्यामध्ये कधी आला नाही. मी समजत होतो, तो मी लपवून ठेवला आहे.

बांधलेला खंड मी घरी नेऊन कपाटात ठेवला आणि उघडला नाही. त्या सोमवारी शोकसभेहून परत आल्यावर उघडला.

कागद मी तुम्हाला तारखेच्या क्रमाने लावून दिले होते. पुण्याचा तो कागद खंडाच्या साधारण मध्यावर यायला हवा. तो पहिल्या पानावर आहे. वर माझी अट, जशीच्या तशी छापलेली. खाली तीन आकडे. मधल्याखाली लाल रेघ, माझी आद्याक्षरे आणि निकालाच्या चार दिवस आधीची तारीख. त्याची फाटू लागलेली कड तुम्ही पातळ कागदाने सांधली आहे. बाकी सगळी पाने मी एकेक करून तपासली. एकही इकडचे तिकडे झालेले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातला एकेक अंक पडताळणाऱ्या बाईकडून नेमके हेच पान चुकून पुढे गेले, असे मला म्हणता येणार नाही.

म्हणजे दोन वर्षे तुम्हाला ठाऊक होते. मी ‘अंदाज’ म्हणालो ते कशावरून, हे ठाऊक होते. तो आकडा चौकशीच्या कितीतरी आधी माझ्या पेन्सिलीखाली होता, हेही. तुम्ही ते पान फाडले नाहीत, साहेबांकडे नेले नाहीत, माझ्या तोंडावर मारले नाहीत. मला सापडेल अशा जागी बांधून ठेवलेत आणि चहाला बोलावत राहिलात. ही क्षमा होती की तुम्ही माझी वाट पाहत होता, हे मी विचारू शकलो असतो. तुमचे दुकान माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

तर प्रश्नाचे उत्तर. टिकली शमशादबाईंनी लावली, एकदा, एका मुलीचे रडणे थांबावे म्हणून. तशी ती लावावीशी वाटेल असा फळा मी लावला. सदतीस नोंदी निकालातून मी काढल्या, साहेबांच्या सांगण्यावरून, माझ्या हाताने लिहिलेल्या अटीने. आणि किती काढल्या ते त्याच दिवशी पाहिले. चौकशीत मी खोटे बोललो. शमशादबाईंना काढून टाकण्याचे जे कारण पत्रात दिले आहे, नोंदी त्यांच्यामुळे गेल्या हे, ते खरे नाही.

हे सर्व मी सांगतो म्हणून खरे धरू नये. माझ्या अक्षरातला एक अहवाल लोकांनी एकदा खरा धरला आहे. तो खंड मी आमच्या पेठेतल्या वाचनालयात टेबलावर ठेवला आहे, अहवालाची नक्कल त्याच्या शेजारी. ज्याला शंका असेल त्याने पहिले पान उघडावे. अट वाचावी, तारीख पाहावी, आत घेतलेल्या नोंदींतून बाहेर दिलेल्या नोंदी वजा कराव्यात. कागद-पेन्सिल तिथेच आहे. कृपया वजाबाकी स्वतः करून पाहा.